पाच मांड्यांचं माप

“माझा दादा किनाऱ्याला का लागला नाही?”

फार फार जुन्या काळी, एका खाडीच्या तोंडाशी वसलेल्या गावात, एक धाकटा भाऊ हा प्रश्न दारोदार विचारत फिरत होता. कोणी म्हणालं, “समुद्राने बोलावलं त्याला.” कोणी म्हणालं, “आयुष्याची दोरी तेवढीच.” कोणी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दार लोटून घेतलं. उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

प्रश्न तर साधाच होता. थोरला भाऊ गावातला सगळ्यात ताकदीचा गडी. वादळ उठलं तेव्हा तो घराकडेच येत होता, आणि वारा समोरून होता. सगळ्या गावाने किनाऱ्यावरून त्याला पाहिलं. तो वल्हं मारत होता, मारत होता, आणि होडी होती तिथेच होती. मग एक मोठी लाट आली. दुसऱ्या दिवशी होडी आपणहून वाळूला लागली. तिची एक फळीसुद्धा निखळली नव्हती. थोरला तेवढा आला नाही.

धाकट्याला अक्षर येत नव्हतं, आणि धीर धरणं तर त्याहून येत नव्हतं. डोक्यात काही आलं की हात चाललाच. तेराव्याचं जेवण आटोपलं तसा तो कुऱ्हाड घेऊन किनाऱ्यावर गेला आणि भावाच्या होडीचं तोंड फोडायला लागला.

आता या तोंडाची गोष्ट सांगायला हवी. त्या गावात नवी होडी पाण्यात उतरायच्या आधी पाच वडीलधारे तिच्या पुढच्या टोकाला मांडीला मांडी लावून बसत. पाचही जण ऐसपैस मावले, तर घर खानदानी. एकाची मांडी जरी अधांतरी राहिली, तरी त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. म्हणून प्रत्येक जण आपल्या बापापेक्षा रुंद होडी बांधी. मानाची जेवणं जेवून वडीलधारेही वर्षागणिक सुटत चालले होते. होता होता होड्यांची तोंडं परातीसारखी पसरट झाली. थोरल्याची होडी सगळ्यांत रुंद होती. लग्नात तिचं केवढं कौतुक झालं होतं!

कुऱ्हाडीचा आवाज ऐकून नाखवा धावत आला. हा गावच्या सगळ्या होड्यांचा म्होरक्या, आणि पाच मांड्यांमधली मधली मांडी त्याचीच.

“अरे करंट्या, भावाची आठवण फोडतोस?”

“हिने त्याला घरी आणलं नाही,” धाकटा घाव घालत म्हणाला. “मग हिचं कसलं कौतुक?”

तोंड फुटून पडलं तेव्हा त्याचं अवसान सरलं. तो वाळूत बसून लहान पोरासारखा रडू लागला. तेवढ्यात थोरल्याची बायको आली. आता ही आकाशपाताळ एक करणार, म्हणून लोक बाजूला झाले. तिने फुटक्या फळ्यांवरून हात फिरवला.

“फोडलंत ना भावजी? आता बांधा. फोडायला कुऱ्हाड पुरते, बांधायला डोकं लागतं.”

धाकट्याने डोळे पुसले आणि कामाला लागला. हलक्या लाकडाच्या हातभर लांबीच्या होड्या त्याने कोरल्या. एक रुंद तोंडाची, एक टोकदार. दोघींत सारख्याच वजनाचे दगड ठेवले. एका काठीच्या दोन टोकांना दोन दोऱ्या, दोऱ्यांना दोन होड्या. मग काठी मधोमध एका दोरीला बांधून, ती दोरी धरून तो गुडघाभर पाण्यातून चालू लागला. जी होडी पाणी अडवी, तिच्या बाजूचं टोक मागे ओढलं जाई.

लोक किनाऱ्यावर बसून मजा बघत.

“काय रे, तराजू घेऊन पाणी विकतोस काय?”

“एका बाजूला माझ्या सासूला बांध रे! बघू किती मागे राहते!”

धाकटा चालतच राहिला. पहिल्याच दिवशी रुंद तोंडाची होडी मागे ओढली गेली. तिच्यापुढे पाण्याचा ढीग साठत होता, आणि तो ढीग ढकलत ढकलत ती येत होती. धाकट्याचे पाय तिथेच थबकले. दादा होडी वल्हवतच नव्हता तर. तो सगळी खाडी ढकलत होता.

पण टोकदार होडीही मनासारखी पळेना. तिची मागची बाजू सपाट कापलेली होती आणि तिच्यामागे पाणी गरगर फिरत राही. चार दिवस तो चिडचिडला. पाचव्या दिवशी वहिनी सुरमई साफ करायला बसली, तेव्हा तो मासा हातात घेऊन उलटासुलटा बघतच राहिला. डोक्याकडे निमुळती, पोटाला भरलेली आणि शेपटीकडे पुन्हा निमुळती.

“वहिनी, पाण्याला दोनदा वाट द्यावी लागते! एकदा उघडायला, एकदा मिटायला!”

“आधी मासा द्या,” वहिनी म्हणाली. “त्याला पोटाची वाट धरायची आहे.”

धाकट्याने थोरल्याच्या होडीच्याच फळ्यांतून नवी होडी उभी केली. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती. पाच वडीलधारे माप घ्यायला आले. पुढच्या टोकाला नाखव्याची एकच मांडी टेकली, आणि तीही अर्धीच.

“ही होडी आहे का काकडी?” नाखवा म्हणाला, आणि सगळा किनारा हसला.

हसू अजून विरलं नव्हतं तोच धाकट्याने होडी पाण्यात लोटली. ती बाणासारखी सुटली आणि दहा हातांवर जाऊन उलटली. दुसऱ्यांदा उलटली. तिसऱ्यांदा उलटली तेव्हा धाकट्याने वल्हं भिरकावून दिलं.

लोक पांगल्यावर वहिनी म्हणाली, “भावजी, एकटी आहे म्हणून कलंडते. तिला कोणाची तरी सोबत द्या.”

बोलून ती घराकडे वळली. धाकट्याने एक हलका लांब ओंडका तासून निमुळता केला आणि दोन आडव्या काठ्यांनी होडीच्या बाजूला, थोड्या अंतरावर बांधला. होडी तिकडे कललीच तर ओंडका तिला पाण्यावर तोलून धरी. ओंडका उचलला जायला लागला तर आपल्या वजनाने तिला खाली आणी. त्यानंतर ती उलटली नाही.

पुढे अमावास्येची मोठी ओहोटी आली. खाडीच्या तोंडाशी पाण्याबाहेर आलेल्या वाळूच्या पट्ट्यावर गावातल्या बारा जणी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला गेल्या. पुरुषांनी त्यांना तिथे सोडलं आणि होड्या परत आणल्या. दुपार कलायच्या आत समुद्राकडून वारा फिरला. भरती वेळेआधीच चढायला लागली.

किनाऱ्यावर हाकाटी झाली. सहा रुंद होड्या निघाल्या. एकेकीत सहा-सहा वल्ही. पण परातीसारखी पसरट तोंडं वाऱ्यावर आणि लाटांवर आपटत राहिली. अर्ध्या वाटेवर सगळ्या अडकल्या. वल्ही चालत होती, होड्या जागच्या हलत नव्हत्या. तिकडे वाळूवर पाणी बायकांच्या कमरेला लागलं होतं.

धाकट्याने होडी लोटली. पुढचं वल्हं घेऊन वहिनी आधीच बसली होती.

“वहिनी, तुम्ही?”

“दोन वल्ही लागतात. बोलण्यात वेळ घालवू नका.”

लाटा फोडायच्या नव्हत्याच. होडीचं टोक त्यांच्या मधून शिरत होतं आणि पाणी दोन्ही अंगांनी गुपचूप मागे जाऊन मिटत होतं. एका ठिकाणी धाकट्याचा हात थांबला. थोरला दिसेनासा झाला ते हेच पाणी.

“इथेच, वहिनी.”

“माहीत आहे मला,” ती मागे न बघता म्हणाली. “वल्हं मारा भावजी.”

अडकलेल्या होड्यांना मागे टाकून ते पुढे निघाले. नाखवा ओरडला, “माझी नात आहे तिथे! आधी तिला घे!”

“जिच्या गळ्याशी पाणी, तिला आधी!” धाकट्याने ओरडून सांगितलं.

अरुंद होडीत चौघीच मावत होत्या. किनाऱ्यापर्यंत तीन खेपा केल्या असत्या तर शेवटच्या चौघी वाचल्या नसत्या. धाकट्याने एवढंच केलं, की बायकांना किनाऱ्याला न नेता अर्ध्या वाटेवरच्या रुंद होड्यांत उतरवलं आणि तिथूनच परत फिरला. पळायला निमुळती, सामावून घ्यायला रुंद. पहिल्या चौघी आल्या. दुसऱ्या चौघी आल्या, त्यांत नाखव्याची नात होती. तिसऱ्या खेपेला होडी निघाली तेव्हा पाण्यावर चार डोकी तेवढी दिसत होती.

मग लाटेवरून ते लांब टोक वर आलं. होडीत वहिनी होती, धाकटा होता आणि ओल्याचिंब चौघी होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने तिसऱ्यांची टोपली अजून सोडली नव्हती.

“अगो, टोपली कशाला आणलीस?” कोणी तरी विचारलं.

“मग? सकाळपासून काय उगाच वाकत होते?”

खाडीवर असा जल्लोष झाला, की वाऱ्याचाही आवाज ऐकू येईना. होड्या वाऱ्याबरोबर परत फिरल्या. बाराच्या बारा जणी घरी आल्या. नाखव्याने वाळूत उतरून, सगळ्यांच्या देखत, धाकट्याच्या होडीला हात जोडले.

“ही होडी आपण देवळात ठेवू. दर वर्षी हिला नारळ फोडू.”

“नको, नाखवा,” धाकटा म्हणाला. “देवळात ठेवलीत तर हिला दर वर्षी नारळ मिळेल, आणि खाडीला माणूस.”

त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने होडी पालथी घातली आणि तिच्या फळ्या एकेक करून उकलल्या. आत लाकडी फासळ्या होत्या, पुढची निमुळती, मधली भरलेली, मागची पुन्हा निमुळती. कोणती कुठे बसते ते कळावं म्हणून त्याने पहिलीवर एक खाच पाडली, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन.

एकेका घराला त्याने एकेक फासळी दिली. एका फासळीवरून होडी होत नाही. पुरी होडी बांधायची तर सगळ्या घरांना एकत्र बसावं लागे, आणि ती बसली. पुढच्या हंगामात त्या खाडीत सात निमुळत्या होड्या सोबतीचे ओंडके घेऊन पळत होत्या, आणि रुंद होड्या त्यांच्या मागून ओझी आणत होत्या. वादळाने त्यानंतर त्या गावचं माणूस वाटेत गाठलं नाही.

शेवटची फासळी धाकट्याने वहिनीच्या हातात ठेवली होती. स्वतःसाठी त्याने एकही राखली नव्हती.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: मिरवायला घडवलेलं वाट अडवतं, कामाला घडवलेलं तारून नेतं.