मुदतीनंतरचा कागद

आईनं विड्या वळून शिकवलेल्या डॉ. पद्मजा येमूल सोलापुरात प्राध्यापिका झाल्या. विडी वळणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर संशोधन करायचंच, असा त्यांचा पण होता. अनुदानाचा प्रस्ताव पंचवीस तारखेपर्यंत दिल्लीला पोचायला हवा होता. पण त्यावर विद्यापीठाचे संशोधन संचालक डॉ. राजोपाध्ये यांची सही लागे. सोळा तारखेला बाई त्यांच्याकडे गेल्या, तर साहेबांनी फाइलला हातही लावला नाही.

"आपली अंतर्गत मुदत दहालाच संपली, बाई. पुढच्या वर्षी या."

"साहेब, सूचनाच आम्हाला काल मिळाली."

"सबबी नकोत! मुदतीनंतर आलेला कागद मी कागदच मानत नाही."

समोर चार विभागप्रमुख बसले होते. बाईंना तपासणीसाठी मोठ्या मिनतवारीनं तयार केलेल्या तीनशे बायका आठवल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"कुणाचाही असला तरी?"

"अगदी माझा असला तरी!"

बाईंनी पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "हे तुमचं परिपत्रक. मुदत दहा तारखेची, आणि खाली तुमची सही चौदा तारखेची. हा कागदच नसेल, तर मुदत कुठली? आणि हा चालत असेल, तर माझाही चालायला हवा."

विभागप्रमुख हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि बाईंच्या प्रस्तावावर सही ठोकली.

"तारीख तेवढी आजची घाला, साहेब," बाई म्हणाल्या.