तात्यांचा आग्रह

गाड्या आणि गॅरेजातली अवजारं माणसांसारखी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गॅरेजात एक जुना, वजनदार चार्जर होता. सगळे त्याला तात्या म्हणत. आपल्या दारातून कुणी अर्धपोटी जाऊ नये, असा त्यांचा बाणा होता.

त्यांच्याकडे पाण्याच्या बॅटऱ्या येत. पोटभर वीज खायच्या, तात्यांच्या आग्रहाखातर वर आणखी घ्यायच्या, झाकणातून खुशाल ढेकर द्यायच्या आणि पाणी पिऊन घरी जायच्या.

एकदा एक जेलची, म्हणजे आत पाण्याऐवजी घट्ट लगदा असलेली, बॅटरी आली. चारी बाजूंनी बंद. फळीवरचा छोटा चार्जर म्हणाला, "तात्या, या ताईंना मी वाढतो. यांचं पोट नाजूक आहे. पोट भरलं की माझा हात आपोआप थांबतो."

"पाहुण्याला वाढताना ज्याचा हात थांबतो, त्याला आम्ही चिक्कू म्हणतो," असं म्हणत तात्यांनी स्वतःच तिला चिमटे लावले.

थोड्या वेळाने बॅटरी म्हणाली, "पुरे तात्या, पोट भरलं."

"लाजू नका."

"अहो, मला ढेकर द्यायला तोंडच नाही."

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," तात्या म्हणाले आणि वाढतच राहिले.

संध्याकाळी मिस्त्री तिला गाडीत बसवायला गेला, तर ती खोबणीत मावेना. टम्म फुगली होती, आणि तिच्यातून हूं की चूं निघत नव्हतं. त्याने तिला भंगाराच्या ढिगावर ठेवलं.

तात्यांनी छोट्याकडे अभिमानाने पाहिलं. "बघ. सकाळी केवढीशी होती. एका जेवणात कसं बाळसं धरलंय."