दुसऱ्यांदा वाढलेली खीर

पूर्णेच्या काठी चिंचखेड नावाचे गाव होते. तिथल्या महादेवाच्या ओवरीत एका चातुर्मासात दयाळनाथ महाराज येऊन राहिले. दुपारचे ऊन त्या ओवरीत आले की मऊ होई, आणि तिथे बसलेल्या माणसाला आपण जागे आहोत की स्वप्नात, हे कळेनासे होई.

गावात मंजुळा नावाची तांबटाची सून होती. श्रावणातल्या भंडाऱ्यात तिने गव्हाची खीर दुसऱ्यांदा मागितली. तान्ह्या लेकराची आई, तिला भूक लागणारच की! पण पंक्तीवर देखरेख करणारे नारोपंत सगळ्यांदेखत म्हणाले, "मंजुळे, देव गाभाऱ्यात असतो, पोटात नव्हे." पंक्ती हसली. पंतांचा एकभुक्ताचा नेम कडक, आणि जीभ त्याहून कडक.

चातुर्मासात लोक देवापुढे एखादा पदार्थ सोडतात. मंजुळेने त्या दिवशी खीर सोडली. मग जे जे तोंडाला गोड लागे, ते ते ती लाजून सोडत गेली. गूळ गेला, तूप गेले, भातही गेला. कार्तिक लागेपर्यंत ती मूठभर लाह्यांवर आली आणि तिचे दूध आटले. पोर आधी रडे, आता नुसती पडून राही.

शेवटी ती पोरीला घेऊन ओवरीत आली. "महाराज, हिच्यासाठी आता काय सोडू? मीठ तेवढं राहिलंय."

महाराजांचे डोळे भरून आले. नारोपंत शेजारीच बसले होते. तीन दिवस ते फराळाचे ताट आणत होते आणि महाराज त्याला शिवत नव्हते. महाराज म्हणाले, "बाई, आम्हाला फार भूक लागली आहे. खीर करून आण."

तिने घाईघाईने घरी जाऊन खीर केली, पातेले आणून वाटी भरली. महाराजांनी ती वाटी तिच्याच पुढे सरकवली. "तू खा. सावकाश खा."

"नेम मोडंल, महाराज. पाप लागंल."

"देवाने जिभेला चव दिली, ती काय तुला चोर ठरवायला? खा पोरी. आमचे पोट तुझ्या घासाची वाट बघते आहे."

"हाच का चातुर्मास?" पंत पुटपुटले.

मंजुळेने डोळे मिटून घास घेतला, आणि महाराजांच्या ओठांवर खिरीचा कण दिसला! दुसऱ्या घासाला त्यांच्या दाढीवरून दूध ओघळले. ओवरीभर जायफळाचा वास पसरला. घंटा कुणी न हलवता हळू घुमत राहिली. महाराजांचे खपाटीला गेलेले पोट वर येताना पंतांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. वाटी संपली तेव्हा ढेकर दिली ती महाराजांनी.

तेवढ्यात मंजुळेच्या चोळीला ओल आली. पोर छातीशी लागली आणि चुटूचुटू पिऊ लागली.

पंत महाराजांच्या पायांवर कोसळले. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे घास मोजले होते, आणि स्वतःच्या एकाही घासाची चव त्यांना आठवत नव्हती.

महाराज म्हणाले, "श्रावणातल्या त्या पंक्तीतून आम्ही उपाशी उठलो होतो, पंत."

पंतांनी वळून मंजुळेपुढे मस्तक टेकले. तिने मांडीवरची पोर सावरली आणि त्यांच्यापुढे खिरीची वाटी ठेवली. पंत रडत रडत खाऊ लागले. वाटी रिकामी झाली तरी ते उठेनात, आणि मागायचे धाडसही त्यांना होईना.

मंजुळेने पातेले जवळ ओढले. "पंत, आणखी वाढू?"

पंतांनी खाली मान घालून वाटी पुढे केली.