इटुकलं गांडूळ आणि वाळलेली माती

भेंडीच्या रोपाखाली राहायचं एक इटुकलं गांडूळ. घर त्याचं ओल्या मातीत. मऊ मऊ, गार गार.

एकदा ते बाहेर आलं. ऊन पडलं कडकडीत. माती वाळून झाली खडखडीत! घराची वाटच बंद. भेंडीनंही मान टाकली.

"माती, माती, वाट दे ना!"

माती म्हणाली, "कशी देऊ? बाटली ठिबकली तर भिजेन. नाहीतर नाही!"

सुळुक सुळुक गांडूळ निघालं. कोपऱ्यात होती टाकलेली बाटली.

"बाटली, बाटली, ठिबक ना!
माती भिजेना,
अंग माझं वाळलं,
मी जाऊ कुठं?"

बाटली म्हणाली, "मला भोकच नाही. सुईनं टोचलं तर ठिबकेन. नाहीतर नाही!"

सुळुक सुळुक गांडूळ निघालं. पायरीवर होती जाड सुई.

"सुई, सुई, टोच ना!
बाटली ठिबकेना,
माती भिजेना,
अंग माझं वाळलं,
मी जाऊ कुठं?"

सुई म्हणाली, "मला का हात आहेत? मावशीनं धरलं तर टोचेन. नाहीतर नाही!"

सुळुक... सुळुक... ओटीवर होती कुंदामावशी.

"मावशी, मावशी, सुई धर ना!
सुई टोचेना,
बाटली ठिबकेना,
माती भिजेना,
अंग माझं वाळलं,
मी जाऊ कुठं?"

मावशी म्हणाली, "कशी धरू रे बाळा? मांडीवर चिंगी रडतेय. ती हसली तर धरीन. नाहीतर नाही!"

सु...ळुक. सु...ळुक.

"चिंगी, चिंगी, हास ना!
मावशी धरेना,
सुई टोचेना,
बाटली ठिबकेना,
माती भिजेना,
अंग माझं वाळलं,
मी जाऊ कुठं?"

चिंगी म्हणाली, "टॅहँ! टॅहँ!"

आता विचारायचं कुणाला? कुणीच उरलं नाही. गांडुळाला रडूसुद्धा येईना. ते तिथंच आडवं झालं.

फरशी होती तापलेली. चटका बसला! वळवळ वळवळ! उलटं झालं, सुलटं झालं, अंगाची गाठच पडली!

चिंगीनं पाहिलं. टॅहँ थांबलं. खुदकन हसली!

चिंगी हसली, मावशीनं सुई धरली.
सुईनं झाकणाला टोचलं. टोच टोच टोच!
बाटलीत पाणी भरलं. मावशीनं ती उलटी करून मातीत रोवली. ओल टिकावी म्हणून मातीवर नारळाची शेंडी पसरली.
बाटली ठिबकली. टप टप टप!
माती भिजली.

मावशीनं गांडुळाला पानावर उचललं. "केवढं वाळलंस रे! जा हो घरी."

माती म्हणाली, "ये."

सुळुक! गांडूळ आत गेलं. मऊ मातीत गुरफटलं. गाढ झोपलं.