उजवा हात खिशात

सांगलीच्या कुमुदवहिनींच्या दारात त्या रविवारी शोरूमने दाखवायला पाठवलेल्या दोन छोट्या एसयूव्ही उभ्या होत्या, एक पांढरी, एक लाल. रंग सोडला तर आपल्यासारखीला फरक कळू नये, इतक्या सारख्या.

वर्षापूर्वी अर्धांगवायूने वहिनींच्या यजमानांची, विलासरावांची, उजवी बाजू गेली. दोघांनी बखोटीला धरून रिक्षात बसवावं लागायचं. त्या लाजेने त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. म्हणून वहिनी गाडी चालवायला शिकल्या आणि त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं.

निवड करायला धाकटे दीर प्रतापराव आले. निवृत्त इंजिनियर, बगलेत जाडजूड फाईल.

"पांढरीच घ्यायची. मायलेज, पिकअप, सगळं तपासलंय मी. वहिनी, तुम्ही फक्त सीटकव्हरचा रंग सांगा."

"सांगते की. पण आधी उजवा हात खिशात घाला, उजवा गुडघा ताठ ठेवा, आणि पांढरीत बसून उतरून दाखवा."

"त्यात काय एवढं!" म्हणत प्रतापराव डाव्या दाराने आत बसले. सीट चांगली खोलगट होती. उतरायला त्यांनी दोनदा जोर लावला, मग हळूच डावा हात पुढे केला. "वहिनी, जरा हात द्या."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "भाऊजी, ह्यांना तोच मागायचा नाहीये."

प्रतापरावांनी खिशातला हात काढला आणि ते उतरले.

लाल गाडीची सीट उंच होती. विलासराव काठी टेकत आले, सावकाश बसले. वहिनी दार लावायला पुढे झाल्या, तोवर त्यांनी डाव्या हाताने ते स्वतःच ओढून घेतलं.

काच खाली करून जड जिभेने म्हणाले, "कुमुद, तू चालव. प्रताप, मागं बस."