साळूचे मागचे दार

मुलांनो, एका डोंगराच्या उतारावरच्या रानात एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, आपल्या लहानग्या पिल्लासह राहत असे. बीळ खोदावे तर तिनेच, असा तिचा रानभर लौकिक होता. बिळाला दोन तोंडे हवीत, एक येण्याजाण्याचे आणि एक संकटात पळून जाण्याचे, हे ती ज्याला त्याला समजावून सांगे. तिच्या स्वतःच्या बिळाला मात्र एकच तोंड होते. मागची वाट तिने पिल्लू जन्मले तेव्हाच खोदायला घेतली होती, ती थोडीशी राहून गेली होती. रानातल्या तरसाची त्या बिळावर नजर होती, म्हणून ती वाट पुरी करायचीच, असे साळूने ठरवले होते. ठरवले होते, हे अगदी खरे.

पण ती कामाला लागली, की कोणीतरी दारात येऊन उभे राही. ससा रडवेला होऊन म्हणे, "साळूमावशी, माझ्या बिळाची माती ढासळली हो! तुमच्यावाचून कोण करणार?" मुंगूस सदा घाईत. ते म्हणे, "मावशी, आधी माझं करा. तुमचं काय, तुम्ही ते चुटकीसरशी कराल!" साळूला नाही म्हणणे जमत नसे, आणि खरे सांगायचे तर कौतुकही तिला फार गोड लागे. थकून घरी आली की पिल्लू विचारी, "आई, आपली वाट कधी होणार?" "उद्या नक्की हं, सोन्या," असे म्हणता म्हणता तिचा डोळा लागे. बघता बघता रानातल्या बाकी सगळ्या बिळांना दोन-दोन तोंडे झाली.

एके सकाळी बिळातला उजेड एकदम गेला. तरस दारात माती उकरत होते. साळूने चटकन पाठ फिरवून काटे उभारले. तरस जरा मागे सरले आणि तिथेच ऐसपैस बसले. "बस अशीच," ते हसून म्हणाले, "मला कसली घाई? तुझं मागचं दार उद्या होणार आहे, हे सगळ्या रानाला ठाऊक आहे."

साळूला समोर अर्धवट राहिलेली वाट दिसत होती. दारात थांबावे, तर मागे खोदणार कोण? खोदायला जावे, तर पिल्लाला राखणार कोण? त्याचे काटे तर अजून कोवळे होते. शेवटी पिल्लाला पाठीशी घेऊन ती मागच्या वाटेत शिरली आणि जिवाच्या आकांताने खोदू लागली. तरसही लगेच उकरत उकरत आत सरकले. थोड्याच वेळात समोर उजेड फुटला. साळू बाहेर पडली, तिने पिल्लाला ओढून घेतले, पण तेवढ्यात तरसाच्या दातांनी त्याचा मागचा पाय फाडला होता. तरस त्या अरुंद वाटेत अडकून राहिले, म्हणून पिल्लू वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला.

दूरच्या झुडपात पोचल्यावर साळू पिल्लाचा पाय चाटत राहिली. एवढेसेच तर खोदायचे राहिले होते! जेमतेम घटकाभराचे काम, आणि ते न केल्याची शिक्षा लेकराला मिळाली. तिला रडू आवरेना.

पुढे तिने वरच्या अंगाला नवे बीळ खोदायला घेतले. ती निम्म्यावर आली असेल-नसेल, तोच ससा धावत आला. "मावशी, आत्ता येता ना माझ्याकडे?"

"येईन रे बाळा, पण आज नाही. आज माझं काम आहे."

"तुम्ही तर कधी नाही म्हणत नव्हता!" ससा हिरमुसून म्हणाला.

साळूने पिल्लाकडे पाहिले. ते लंगडत लंगडत मोकळी झालेली माती बाहेर लोटत होते. "म्हणायला हवं होतं," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा खोदू लागली. सूर्य मावळायच्या आत बिळात दोन्हीकडून उजेड आला.

तात्पर्य : जे काम मनाशी ठरवले, त्याला दिवसात पहिली जागा द्यावी, उरल्या वेळावर सोडलेले काम राहूनच जाते.