वर बघायचं काम

पंचमीला सरपंच भगवंतरावांनी लाडक्या लेकीसाठी अंगणातल्या चिंचेला विहिरीवरचा जुना दोर टाकून उंच झोका बांधला. लेकीच्या मैत्रिणी धावत आल्या. त्यांतल्या फुलाची पाळी आली तेव्हा दोराला हिसका बसला, ती खाली आदळली आणि तिचा हात मोडला.

फुलाची आत्या सारजाबाई तडक सरपंचांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "झोका उतरवा. नवा दोर आणा, मगच पोरी बसतील."

सरपंच ओट्यावरून हलले नाहीत. "मी कुणाला आवतण दिलं नव्हतं, बाई. दोर ठणठणीत आहे. तुमचीच पोर हात सोडून पडली."

"ठणठणीत आहे ना? मग या, बसा. मी देते झोका."

सगळी आळी जमलेली. आता नाही कसं म्हणणार? सरपंच मिशीला पीळ देत उठले. पण पाटावर टेकण्याआधी त्यांनी मान वर करून दोर न्याहाळला, ओढून पाहिला आणि तिथंच थबकले.

"बघितलंत ना वर?" सारजाबाई म्हणाली. "मैत्रिणीच्या घरी आलेलं लेकरू वर बघत नाही, सरपंच. ते विश्वासानं बसतं. वर बघायचं काम घरधन्याचं."

सरपंचांनी झोका उतरवायला शिडी मागवली.